मी मजला नाही, माळा आहे

मी एक जुना माळा आहे. मित्रांनो, हे वाक्य कृपा करून पुन्हा एकदा वाचा, कारण ते धड न वाचल्यामुळेच माझ्या जिवावर बेतलं होतं. स्वयंपाकघराच्या डोक्यावर आणि कौलांच्या पोटाखाली लाकडी फळ्यांची जी बसकी जागा असते, ती म्हणजे मी. मला खिडकी नाही, जिना नाही, दिव्याचं बटणसुद्धा नाही. या शहरात मला माळा म्हणतात, आणि घरावर घर चढवलं तर त्याला मजला म्हणतात. इतकी साधी गोष्ट आहे.

पण इथून आगगाडीने दिवसभराच्या वाटेवर दुसरं एक मोठं शहर आहे. तिथली माणसं मजल्यालाच माळा म्हणतात. "आम्ही सातव्या माळ्यावर राहतो," असं ती चारचौघांत बिनदिक्कत सांगतात. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्यांची कीव आली होती. जुन्या गाद्या आणि फुटक्या बादल्यांच्या मधे ही माणसं झोपतात तरी कशी, असं वाटलं होतं. तेव्हा मला काय ठाऊक, की हा एक शब्द पुढे माझ्याच मुळावर येणार आहे.

पण आधी माझ्या जन्माची गोष्ट सांगतो. आत्मवृत्त सांगायला बसलोय, तर ते रीतसर व्हायला हवं.

मला या घराच्या मालकाने स्वतःच्या हाताने बांधलं. तो सुतार होता. मुलं त्याला बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणतो. घर म्हणजे पुढे एक खोली आणि मागे स्वयंपाकघर. थोरल्या मुलाच्या पाठीवर धाकटी झाली आणि झोपायला जागा पुरेना. तेव्हा बाबांनी कामावरून उरलेली लाकडं एकेक करून घरी आणली, रोज संध्याकाळी थोडं थोडं रंधून घेतलं आणि मला उभं केलं. माझ्यात एकही खिळा नाही. खाचेत खाच बसवलेली आहे आणि लाकडाच्याच खुंट्या ठोकलेल्या आहेत. आई खाली भांडी घासता घासता म्हणाली, "अहो, जरा उंच घ्या की. मुलांना उभं तरी राहता येईल."

बाबा म्हणाले, "उभं राहायला अख्खं जग पडलंय. हा बसायला आहे."

ते दिवस माझ्या वैभवाचे होते. थोरला, म्हणजे दादा, आणि त्याची बहीण, जिला पन्नाशी उलटली तरी सगळे धाकटीच म्हणतात, दोघं माझ्यावरच झोपायची. दादा अभ्यासही माझ्यावरच करायचा. कोपऱ्यातल्या खांबाला डोकं टेकून तो मोठ्याने पाठ करायचा, आणि त्याच्या डोक्यावरच्या तेलाने त्या खांबावर एक काळपट गोल डाग पडला. धाकटी माझ्या कडेला पाय सोडून बसायची आणि खाली आईच्या कणकेत मुद्दाम कापसाचे बोळे टाकायची. शेजारचे लोक मला बघायला येत. "काय माळा केलाय हो!" असं म्हणत. मित्रांनो, हे वाक्य मी शेवटचं कधी ऐकलं ते मला आठवतही नाही.

कारण पुढे दादा त्या दुसऱ्या शहरात नोकरीला गेला, तिथलीच मुलगी करून तिथलाच झाला. आई गेली. बाबा गेले. धाकटी इथेच राहिली. पुढच्या खोलीत तिने शिवणयंत्र मांडलं आणि गल्लीभराचे कपडे शिवू लागली. माझ्या नशिबी मग एकच वाक्य आलं, "ठेव वर माळ्यावर." जे फेकायला मन होत नाही आणि वापरायलाही होत नाही, ते माळ्यावर. गिऱ्हाइकांनी शिवायला टाकून कधीच न नेलेले कपडे माळ्यावर. बंद पडलेला पंखा माळ्यावर. झाकण नसलेला डबा माळ्यावर, आणि त्याचं झाकण, तेही माळ्यावर, फक्त दुसऱ्या टोकाला. "लागेल कधीतरी," असं धाकटी म्हणायची. ते कधीतरी कधी उजाडलं नाही. माझी शिडी मोडली तेव्हा ती दुरुस्त करायच्या ऐवजी तीही मोडून माझ्यावरच टाकली. ज्याच्यावर चढायचं त्याच्यावरच शिडी ठेवणारी माणसं ही! यांच्यापुढे कोणी काय कपाळ फोडायचं?

तरी मी तक्रार केली नाही. पडून राहिलो. आणि अचानक एके दिवशी संपूर्ण शहराला माझी आठवण झाली.

मित्रांनो, घरपट्टी हा शब्द तुम्ही मोठ्यांच्या तोंडी ऐकला असेल. गल्लीतले दिवे, कचऱ्याची गाडी, रस्त्यावरचे खड्डे बुजवणं, या सगळ्यासाठी शहर घराघरावर कर बसवतं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. दिवे लागायलाच हवेत. माझं म्हणणं आहे ते मोजण्याबद्दल. आमच्या या शहरात घराची लांबी-रुंदी घेतात, तुमची वस्ती कशी आहे ते बघून तिला दर लावतात, घर जुनं असेल तर थोडी सूट देतात, कौलारू असेल तर आणखी थोडी. मालक स्वतः राहत असेल तर कमी, भाडेकरू ठेवला असेल तर जास्त. दादाच्या शहरात मात्र लांबी-रुंदीचं एवढं कौतुक नाही. तिथे विचारतात, हे घर भाड्याने दिलं असतं तर वर्षाला किती आले असते? आणि त्या न आलेल्या भाड्यातला हिस्सा मागतात. तिसऱ्या एका शहरात म्हणे विचारतात, हे घर विकलं असतं तर किती आले असते? म्हणजे तिथे न झालेल्या विक्रीवर कर. उद्या आमचं हेच घर, याच भिंतींसकट, याच कौलांसकट उचलून त्या गावात नेऊन ठेवलं, तर कर निम्मा होईल किंवा दुप्पट होईल. धाकटीने एकदा फोनवर दादाला विचारलं की असं का. दादा म्हणाला, "पद्धत आहे." मला ऐकून असा संताप आला की माझी एक फळी करकरली. धाकटी वर न बघताच म्हणाली, "उंदीर झालेत पुन्हा."

तर झालं असं, की आमच्या शहराने ठरवलं, आता प्रत्येकाने आपल्या घराची माहिती स्वतःच संगणकावर भरायची. त्यासाठी लागणारी सगळी यंत्रणा तयारच्या तयार आणली, आणि आणली ती नेमकी दादाच्या शहरातून. त्यात जागोजागी तिथलेच शब्द. धाकटीला कापडावरची रेघ कळते, संगणकाचं तिला वावडं. दादा कामात बुडालेला. म्हणून वहिनीने, म्हणजे दादाच्या बायकोने, तिकडे बसून हे काम अंगावर घेतलं. वहिनी त्या शहरातच जन्मलेली आणि वाढलेली. हे घर तिने एकदाच पाहिलं होतं, बाबा गेले तेव्हा, गर्दीत आणि रडारडीत. नाहीतर दरवेळी धाकटीच त्यांच्याकडे जायची.

धाकटी यंत्रावर शिवत होती आणि फोन बाजूला मोठ्या आवाजात लावून ठेवला होता. मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"वन्सं, माळा आहे का हो घराला?"

"आहे की. एक आहे."

"पक्का आहे?"

"पक्का म्हणजे काय! बाबांनी बांधलाय. चार माणसं चढली तरी हलायचा नाही."

"अगं बाई, मला कल्पनाच नव्हती. खालच्याएवढाच आहे का?"

"स्वयंपाकघरावर सगळा आहे, आणि पुढेही थोडा आलाय. का हो?"

"काही नाही, इथे विचारलंय. आमच्याकडे याने काही फरक पडत नाही, पण विचारलंय तर भरून टाकते. आणि राहणारी माणसं किती?"

"किती म्हणजे? मी एकटी."

झालं! मी वरून ओरडून ओरडून सांगत होतो. अहो वहिनी, मी नव्हे! अगं धाकटे, ती तुझा माळा विचारत नाहीये, तिचा माळा विचारतेय! पण फळ्यांनी ओरडलं की माणसांना त्यात फक्त उंदीर ऐकू येतात. वहिनीने भरून टाकलं, माळा एक, पक्का, खालच्याएवढा. दोघीही एकमेकींना "बरं झालं, एक काम मार्गी लागलं" असं म्हणाल्या आणि फोन ठेवला.

काही दिवसांनी बिल आलं. धाकटीने ते पाहिलं आणि तिथेच मटकन बसली. कर नेहमीच्या कितीतरी पट. खाली लिहिलं होतं, माळा एक, वापर भाड्याने. भाड्याने! घरात राहणारी बाई एकटी, मग वरचं काय करते, तर भाड्याने देत असणार, असं त्या संगणकाने आपलं आपणच ठरवून टाकलं. माझ्यावर तेव्हा दोन गाद्या, एक मोडकी शिडी आणि उंदरांचं एक कुटुंब एवढे भाडेकरू होते, आणि त्यातल्या कोणीही आजवर छदाम दिलेला नाही. शिवाय इतकी वर्षं हा माळा लपवून ठेवला म्हणून दंड. लपवून! मी तर सगळ्यांच्या डोक्यावरच होतो.

आता तुम्हाला वाटेल, धाकटीच्या लक्षात कसं आलं नाही? कसं येणार? बिलावर मजला असं लिहिलं असतं तर तिने ते घेऊन थेट कचेरी गाठली असती आणि टेबलावर आपटलं असतं. पण बिलावर माळा लिहिलं होतं, आणि माळा तर घरात होता. तिला वाटलं, आता हे लोक माळ्यावरही कर घ्यायला लागले. दादालाही तेच वाटलं. फोनवर म्हणाला, "तुमच्या गावचं काय सांगावं! एकेका शहराची एकेक तऱ्हा. उद्या कोनाड्यावर लावतील." खरं तर दादाला दोन्ही माळे माहीत होते. सातव्या माळ्यावर तो राहत होता आणि माझ्यावर तो वाढला होता. पण दोन्ही शब्द त्याच्या डोक्यात इतके सुखाने नांदत होते, की त्याला कधी अडलंच नाही. करांच्या बाबतीत माणसांची अशी गत झाली आहे, मित्रांनो, की कितीही वेड्यासारखी गोष्ट सांगा, ती त्यांना खरीच वाटते.

धाकटी कचेरीत गेली. परत आली ती चिडूनच, आणि आल्या आल्या तिने दादाला फोन लावला.

"खिडकीतला माणूस मान वर करून बघेना. म्हणतो, माळा आहे की नाही, तेवढं सांगा. मी म्हटलं, आहे, पण ऐकून तर घ्या. तो म्हणतो, आहे ना? मग कर आहे."

"मग तू काय म्हणालीस?"

"तो म्हणतो, माळ्यावर कोण राहतं? मला आला राग. म्हटलं, उंदीर राहतात! तर म्हणतो, बाई, थट्टा करू नका, ही सरकारी जागा आहे."

"मग आता?"

"हरकत घेऊन आलेय. निरीक्षक घरी येऊन बघणार आहे. पण खिडकीतला माणूस म्हणाला, की माळा दिसला तर कर लागणारच. काढून टाकलात तर प्रश्नच मिटला."

मग दादा म्हणाला, "काढून टाक मग."

मित्रांनो, त्याने हे किती सहज म्हटलं! ज्याच्या तेलकट डोक्याचा डाग मी इतकी वर्षं पुसू दिला नाही, त्याने. "नाहीतरी अडगळच आहे सगळी," तो पुढे म्हणाला, "निरीक्षक यायच्या आत सुतार बोलाव. आम्ही दोघं येतो आदल्या दिवशी." धाकटी नको म्हणाली नाही. नुसतं "बघते" म्हणाली आणि यंत्राची सुई बदलत बसली. तो कर तिला झेपणारा नव्हता, आणि तिला या घरातून उठायचं नव्हतं. तिची अडचण मला कळत होती. पण कळलं म्हणून कमी लागतं असं नाही.

तेवढ्या दिवसांत वहिनीशी तिचं बिनसलं ते वेगळंच. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं नसत्या गोष्टी भरायला?" असं धाकटी म्हणाली. "तुम्हीच तर म्हणालात माळा आहे! मी काय मनाने लिहिलं?" असं वहिनी म्हणाली. दोघींचंही खरं होतं, म्हणून दोघीही मागे हटेनात. मग दोघी दादाच्या मार्फत बोलू लागल्या. "तिला सांग", "त्यांना सांगा". दादाने वैतागून एकदा फोनच बंद करून ठेवला.

निरीक्षक यायच्या आदल्या दिवशी दादा आणि वहिनी आले. दादाचं पोट सुटलं होतं आणि केस गेले होते. दारात वहिनीने मान वर करून घराच्या कौलांकडे पाहिलं, आणि ती जरा बुचकळ्यात पडली असं मला वाटलं. पण धाकटीशी अबोला होता, म्हणून तिने काही विचारलं नाही. बघा, अबोल्याने काय होतं ते. त्याच क्षणी तिने तोंड उघडलं असतं, तर माझा जीव आणखी एक दिवस टांगणीला लागला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार आला, शिडी आणि पहार घेऊन. त्याने खालूनच माझ्या तुळईवरून हात फिरवला, खाच बोटाने चाचपली आणि विचारलं, "हे कोणाचं काम?"

"आमच्या बाबांचं," धाकटी म्हणाली.

"खिळा नाही हो एकही. असं आता कोणाला वेळ आहे करायला!" मग पहार भिंतीला टेकवून म्हणाला, "आधी वरचं सगळं खाली काढा. माल असताना मी हात लावणार नाही."

चढायचं कोणी? दादाचे गुडघे दुखत होते. धाकटीला चक्कर येत होती, निदान तिने तसं सांगितलं तरी. वहिनी पदर खोचून शिडीवर चढली. मनात अपराधी वाटत असावं. अर्ध्यापर्यंत आली, गुडघा माझ्यावर टेकला, वर आली, आणि सवयीने, घरावरच्या घरात आल्यासारखी, सरळ उभी राहिली.

मी तिला सावध करणार होतो. पण करून काय उपयोग!

"आई गं!" वहिनीचं डोकं माझ्या वाशावर असं आदळलं, की कौलांची धूळ खाली सुताराच्या टोपीवर पडली. सगळे खालून "काय झालं? काय झालं?" करू लागले. वहिनी डोकं धरून खाली बसली. मग तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. गाद्या पाहिल्या, पंखा पाहिला, मोडकी शिडी पाहिली. कपाळावर हात तसाच ठेवून तिने कडेवरून डोकं बाहेर काढलं.

"वन्सं," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती थेट बोलत होती. "माळा कुठे आहे?"

"अहो, त्यावरच बसलाय तुम्ही!"

"हा? हा माळा?"

"मग काय!"

"अहो, हा पोटमाळा आहे! माळा म्हणजे..." तिने दोन्ही हात हवेत वर वर नेले. "माळा म्हणजे वरचं घर! आम्ही नाही का राहत सातव्या माळ्यावर? मी वरचं घर लिहिलंय! खोल्यांचं, खिडक्यांचं, भाड्याने द्यायचं!"

दादाने हळूहळू स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. धाकटी आधी वहिनीकडे बघत राहिली, मग तिला हसू फुटलं, आणि ते थांबेचना. तिने भिंतीचा आधार घेतला. वहिनीही वर बसल्या बसल्या हसायला लागली. एका हाताने टेंगूळ दाबत होती आणि दुसऱ्याने डोळे पुसत होती. सुताराला काहीच कळलं नाही. तो म्हणाला, "मग काढायचा की नाही काढायचा, ते एकदा ठरवा."

"हात लावू नका!" वहिनी आणि धाकटी एकदम ओरडल्या.

शेवटी एका टेंगळाने ते केलं, जे मी इतके दिवस करकरून करू शकलो नव्हतो. वहिनीच्या डोक्याला लागलं याचं मला वाईट वाटतं. पण फार नाही.

दुपारी निरीक्षक बाई आल्या. पायांवर धूळ, हातात लाल ठिपका टाकून मोजणारं छोटं यंत्र आणि चेहऱ्यावर दिवसभर लोकांशी वाद घालून आलेला शिणवटा. त्यांनी दारातूनच विचारलं, "माळा आहे ना?"

धाकटी तोंड उघडणार, तोच वहिनी मधे पडली. "बाई, तुम्ही वर चला, आणि उभं राहून दाखवा. उभं राहता आलं तर सगळा कर आम्ही भरतो."

बाईंना कोणी वर चला म्हणावं, याची सवय नसावी. पण त्या चढल्या. वहिनीने खालून "डोकं, डोकं!" असं ओरडून त्यांना वाचवलं. बाई रांगत माझ्या मध्यापर्यंत आल्या, लाल ठिपका इकडे तिकडे टाकला, आणि त्या कोपऱ्यातल्या खांबाला टेकून बसल्या. काढायचं तेवढं सामान खाली गेलं होतं. मी कितीतरी वर्षांनी मोकळा झालो होतो. कौलांतल्या काचेतून थोडं ऊन येत होतं. बाई जरा जास्तच वेळ बसल्या. "गार आहे हो इथे," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मग खाली येऊन त्या म्हणाल्या, "माणूस सरळ उभा राहू शकत नाही ती जागा आम्ही धरत नाही. कर, दंड, सगळं निघेल. मी तशी नोंद करते."

धाकटीने सुटकेचा श्वास टाकला. बाई फोन काढून त्यावर बोट फिरवू लागल्या, आणि बोलता बोलता म्हणाल्या, "माळा, नाही."

"नाही कसा?" धाकटी म्हणाली. "आहे की."

"अहो, पण त्याची वेगळी जागाच नाहीये यात. माळा आहे किंवा नाही, एवढंच विचारतं ते."

"पण आहे त्याला नाही कसं म्हणायचं? आमच्या बाबांनी..."

"धाकटे, लिहू दे ना त्यांना!" दादा हात जोडायच्या बेतात आला होता.

बाई थांबल्या. त्या काही वाईट नव्हत्या. शांतपणे म्हणाल्या, "ताई, आहे लिहिलं तर कर आहे. नाही लिहिलं तर नाही. मी काय लिहू ते तुम्ही सांगा."

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे असं मान वर करून, नीट, कधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "लिहा, नाही."

बाईंनी बोट टेकवलं, आणि मी नाहीसा झालो.

मित्रांनो, माझा संताप तुम्हाला सांगू? मी मजला होतो तेव्हा खोटा होतो, तरी माझी नोंद होती. मी जसा आहे तसा सापडलो, तर मी नाहीच. या शहरात घराच्या वयाला रकाना आहे, कौलांना आहे, भाडेकरूला आहे, नसलेल्या भाडेकरूलासुद्धा आहे. मला नाही. मी वाचलो याचा मला आनंद आहे, खरंच आहे. पण वाचवायचं म्हणून नाही म्हणावं लागलं, हे मला लागलं. ते मी लपवत नाही.

सुतार मजुरी मागायला थांबला होता. "दिवस तर मोडला माझा," तो म्हणाला. धाकटीने थोडा विचार केला आणि म्हणाली, "एक शिडी करून द्या." बाबांच्या लाकडातले दोन तुकडे माझ्यावरच निघाले होते. संध्याकाळपर्यंत शिडी झाली. वहिनीने मला झाडून पुसून घेतलं. खांबावरचा काळपट डागही ती घासणार होती, पण दादा म्हणाला, "तो राहू दे."

म्हणून माझं तुमच्यापाशी एकच मागणं आहे. तुमच्या घरातही माझ्यासारखा एखादा कोपरा असेल, ज्याच्याकडे कोणी बघत नाही. त्याच्यावर सामान फेकण्याआधी, त्याच्याबद्दल कुठे काही भरून देण्याआधी, आणि तो काढून टाका असं फोनवर म्हणण्याआधी, एकदा तिथे जाऊन बसा. आणि समोरचा माणूस माळा म्हणाला, तर कोणता माळा, एवढं विचारा. विचारायला कर पडत नाही, निदान अजून तरी नाही.

त्या संध्याकाळी दिवे लागले तेव्हा खाली धाकटी आणि वहिनी गप्पा मारत भाजी चिरत होत्या. बऱ्याच वेळाने धाकटीच्या लक्षात आलं, की दादा कुठे दिसत नाही. पुढच्या खोलीत नव्हता, बाहेर नव्हता. तिने घरभर शोधलं आणि हाक मारली, "दादा, अरे, कुठे आहेस?"

कोपऱ्यातल्या खांबाला त्याचं टक्कल टेकलेलं होतं, बरोबर त्या डागाच्या खाली, कारण माणूस म्हातारपणी थोडा खचतो. तो डोळे मिटून बसला होता. त्याने डोळे न उघडताच उत्तर दिलं.

"माळ्यावर."